छोटं पोट, मोठा दस्तरखान

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, 'किती उतरलं?' दुसरा प्रश्न खर्चाचा असतो. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही, आणि आमच्या मते खरा तोच आहे: 'आता घरात जेवणाचं कसं जमवता?'

हे आम्ही आमच्या घरावरून सांगतो आहोत. मोठ्या भाबींचं ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं. ११८ किलोवरून त्या ८१ वर आल्या, अल्हम्दुलिल्लाह. सांगली जिल्ह्यातलं आमचं एकत्र कुटुंब, दस्तरखानावर रोज नऊ माणसं. मागे या सदरात मधुमेहावर लिहिताना भाबींचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा काही भगिनींनी पत्रं पाठवून विचारलं की ऑपरेशननंतर पुढे काय होतं ते लिहा. कुणाच्या घरी असं ऑपरेशन ठरलं आहे, कुणाच्या वहिनीचं झालं आहे आणि तिला नेमकं काय वाढावं ते कळत नाही. भाबींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा, पण माझा फोटो नको." म्हणून हा लेख.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते दोन शब्दांत. भाबींचं 'स्लीव्ह' झालं. यात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं एक नळकांडं. त्यात एका वेळी लहान वाटीभर, म्हणजे शंभर-दीडशे मिलिलिटरच मावतं. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकही फारशी लागत नाही. दुसरा प्रकार 'बायपास'. हृदयाचं नव्हे, पोटाचं. यात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न बराचसा रस्ता टाळून पुढे जातं. कुणाला कोणतं करायचं हे डॉक्टर ठरवतात. आमच्या भिवंडीच्या एका नातेवाइकांचं बायपास झालं आहे, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

खर्चाचंही इथेच आटपून टाकू. आरोग्य विमा असेल तर तो आधी नीट वाचा. वजन आणि उंचीचा मेळ दाखवणारा जो आकडा असतो, बीएमआय, तो ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ असून सोबत ताब्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तर पॉलिसीच्या नियमांत हे ऑपरेशन बसू शकतं. पण प्रतीक्षाकाळ वगैरे अटी असतात. कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी 'हो जाएगा' वर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट.

पहिले काही आठवडे सगळ्यांना सोपे वाटतात, कारण माणूस आजारी आहे हे दिसत असतं. सुरुवातीला नुसतं पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, गाळलेलं सूप, वरणाचं पाणी. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरातलं जेवण. प्रत्येक डॉक्टरांचा तक्ता थोडा वेगळा असतो, आपण आपल्याच डॉक्टरांचा पाळायचा. आमच्या अम्मींनी त्या काळात यखनी गाळायला वेगळं मलमलचं कापड ठेवलं होतं. तिखट नाही, तेल नाही, हाड-मसाला सगळा गाळलेला. भाबी छोट्या कपातून अर्धा-अर्धा घोट घ्यायच्या. एक कप संपायला पाऊण तास.

या काळात जेवणापेक्षा डोळ्यांत तेल घालून बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. ताप, पोटात वाढत जाणारी कळ, खांद्यात दुखणं, नाडी सतत जोरात चालणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. टाक्याच्या जागेतून गळती होत असू शकते. उलट्या थांबतच नसतील तरी तसंच. सतत उलट्यांनी शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं, आणि मग पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, नजर धूसर होणं, भ्रम होणं इथपर्यंत गाडी जाते. 'ऑपरेशन झालंय, उलट्या होणारच' असं म्हणून घरी बसू नये.

आणखी एक. भाबींना मधुमेहासाठी इन्सुलिन होतं, रक्तदाबाची गोळी होती. ऑपरेशननंतर खाणं एकदम घटतं, साखर वजनाच्याही आधी उतरायला लागते. जुन्या चिठ्ठीवरचा डोस चालू ठेवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात डोस बदलून दिले. भाईजाननी जुना गोळ्यांचा डबा उचलून कपाटावर टाकला आणि नवा आणला, म्हणजे सवयीनं हात जाऊ नये. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि आपल्या मनानं चालूही ठेवायच्या नाहीत.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यानंतर सुरू झाली. भाबी उठून कामाला लागल्या, चेहरा उतरला तरी हसऱ्या दिसायला लागल्या, आणि घरानं त्यांना बरं झालेलं माणूस समजून ताट वाढायला घेतलं.

आपल्या घरांत प्रेम वाढून दाखवतात. पाहुण्याच्या ताटात न विचारता बोटी टाकायची, नको म्हणाला तर हात धरून टाकायची, आणि तरीही नको म्हणाला तर विचारायचं, 'का, आमच्या हातचं आवडलं नाही?' यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. अम्मींची पिढी टंचाईतून वर आलेली. त्यांच्यासाठी भरलेलं ताट म्हणजे सुख. आणि त्यांच्यासमोर त्यांची मोठी सून, जिच्या हाताला चव आहे म्हणून साऱ्या मोहल्ल्यात नाव, ती आता चार चमचे खिमा खाऊन हात धुते. अम्मींच्या डोळ्यांत पाणी यायचं. "दो निवाले तो और खा," असं त्या म्हणायच्या, आणि ते दोन घास भाबींच्या छातीत अडकायचे.

हे अडकणं कसं असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. छातीच्या मध्यावर दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ भरून येते, घाम फुटतो. मग उठून न्हाणीघरात जायचं, ओकारी काढायची, तोंड धुऊन पुन्हा दस्तरखानावर येऊन हसायचं. तेव्हा पाणी पिऊन घास खाली ढकलायचा नसतो, त्यानं आणखी वाईट होतं. थांबायचं, उभं राहायचं, चार पावलं चालायचं.

म्हणून आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. सूनबाईच्या सांगण्यावरून सासू बदलत नाही हा अनुभव तुमचाही असेल. आम्ही अम्मींना सोबत दवाखान्यात नेलं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एका कागदावर जठराचं चित्र काढून दाखवलं, आधी एवढं होतं, आता एवढं आहे. अम्मींनी तो कागद घडी करून बटव्यात ठेवला. घरी आल्यावर त्यांनी भाबींसाठी एक छोटी बशी वेगळी काढली आणि सगळ्यांना सांगितलं, या बशीत कुणी वाढायचं नाही, ती स्वतः घेईल. आता पाहुणे आले आणि कुणी आग्रह धरला तर भाबींच्या आधी अम्मीच बोलतात.

जेवायची रीतही बदलली. पहिल्यांदा प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भाताचे दोन घास. बहुतेकांना दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शिजवलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये पंचवीसच्या आसपास. वाटीभर अख्ख्या मसुरात आठेक ग्रॅम मिळतात, आणि अख्खा मसूर तर आमच्या भागाचं घरचंच. पण त्यांच्या एका जेवणात वाटी संपत नाही, म्हणून ही बेरीज दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं थोडं खाऊनच होते. सुकं, चिवट मटण सगळ्यांत जास्त अडकतं. मासा आणि रस्सेदार खिमा सुखानं जातो. मऊ पाव आणि चपाती पोटात गोळा होऊन बसते, भाकरीचा कडक पापुद्रा उलट बरा. हे ज्याचं त्यालाच हळूहळू कळतं.

घास मटाराएवढा, चावणं वीस-पंचवीस वेळा, जेवण वीस ते तीस मिनिटं. आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबून मग घोट-घोट. पोटाचे तीन भाग करावेत, एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. भाबी हसत म्हणतात, "माझा पाण्याचा भाग आता वेळ बदलून येतो." दिवसाचं दीड-दोन लिटर पाणी मात्र झालंच पाहिजे, आणि ते एकदम पिता येत नसल्यानं बाटली कायम सोबत. आमच्याकडे ती बाटली शिलाई मशीनवर, ओट्यावर, नमाजच्या चटईशेजारी, कुठेही सापडते.

भिवंडीच्या नातेवाइकांचं वेगळंच झालं. ईदला शीरखुर्म्याची पूर्ण वाटी घेतली. पंधरा-वीस मिनिटांत घामानं शर्ट भिजला, छाती धडधडायला लागली, पोटात पिळे, मग जुलाब. घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक. बायपासनंतर गोड पदार्थ भर्रकन आतड्यात उतरला की असं होतं, डॉक्टर त्याला 'डंपिंग' म्हणतात. कधी कधी दोन-तीन तासांनी उलटं होऊन साखर एकदम खाली जाते आणि हातपाय थरथरतात. स्लीव्हमध्ये हे कमी होतं, पण होतच नाही असं नाही. आमच्याकडे आता शीरखुर्मा करताना साखर घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढतात. त्यात बदाम, पिस्ते, चारोळी भरपूर, शेवया नावाला. त्याला शीरखुर्मा म्हणायचं की नाही यावर घरात वाद आहे.

लग्नकार्यांचं वेगळं प्रकरण. वलीम्याला गेल्यावर समोर बिर्याणीची परात येते, शेजारी बसलेली प्रत्येक बाई वाढणारी असते. काही जणी ऑपरेशनचं सांगतच नाहीत. 'डाएट केलं, चालायला जाते' असं सांगतात. हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे, आणि कुणाचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचा हक्क दुसऱ्या कुणालाच नाही. पण आमचं मत असं की जे आपल्याला वाढतात, त्यांना तरी सांगून ठेवावं. लपवलं की आग्रह दुप्पट होतो. शिवाय लोक आपल्या मनानं कारण शोधतात. भाबींबद्दल एका लग्नात कुजबुज झाली की हिला काहीतरी मोठं दुखणं झालंय, गालफडं बसलीत बघा. दुसऱ्या लग्नात एका जाणत्या गृहस्थांनी भाईजानना ऐकवलं, अल्लाहनं दिलेल्या शरीरात अशी काटछाट बरी नव्हे. त्यांच्या स्वतःच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. भाईजान काही बोलले नाहीत, नुसतं त्यांच्या तब्येतीची चौकशी करून आले.

'सोपा रस्ता निवडला' हेही ऐकावं लागतं. सव्वा वर्ष हा रस्ता शेजारी राहून पाहिल्यावर आम्हाला त्यात सोपं काही दिसलं नाही.

यात मनाचंही एक दुखणं असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. भाबींना स्वयंपाकाची आवड, चार माणसं बोटं चाटत जेवली की त्यांचा जीव सुखावतो. थकल्या, चिडल्या, रडू आलं की त्या गुपचूप ओट्यापाशी उभ्या राहून काहीतरी खायच्या, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. आता तो आधार राहिला नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या अगदी गप्प झाल्या होत्या. वजन उतरत होतं, सगळे शाबासकी देत होते, आणि त्या दुपारी दार लावून पडून असायच्या. भाईजाननी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं, सहा वेळा जाऊन आल्या. तुमच्या घरात असं दिसलं तर 'शुक्र करायचं सोडून रडते काय' असं म्हणू नका. ऑपरेशननंतर काहींना खोल उदासी येते, आणि तिच्यावर उपाय आहेत.

केस गळणं तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक बायकांना गाठतं. प्रथिनं, लोह नीट असेल तर पुन्हा येतात. भाबींचे आले. कातडी सैल पडते, तिला घाम-पुरळ होऊ न देणं एवढं आपल्या हातात. बुरखे सगळे उसवून शिवले. हातातल्या बांगड्या निसटायला लागल्या तेव्हा अम्मींनी त्या काढून ठेवायला सांगितल्या, मोडायच्या नाहीत असं बजावून.

गोळ्यांचं मात्र आयुष्यभराचं काम. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, सोबत एक मल्टिव्हिटॅमिन. 'आता बरं वाटतंय' म्हणून दीड वर्षानं सोडणारे पुष्कळ, आणि मग दोन-तीन वर्षांनी पंडुरोग, हाडं दुखणं, हातापायांना मुंग्या घेऊन येतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, निदान दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीवर चहा नको. आमच्या घरात चहाच्या वेळा ठरलेल्या, म्हणून लोह रात्री झोपताना आणि कॅल्शियम सकाळी-दुपारी अशी विभागणी केली. कॅप्सूलच्या कवचाबद्दल काहींनी विचारलं आहे. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं, कोणत्या प्राण्याचं ते पाकिटावर लिहिलेलं असेलच असं नाही. मनात शंका असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा. बहुतेक जीवनसत्त्वं साध्या गोळीच्या, चघळायच्या गोळीच्या किंवा पावडरीच्या रूपातही मिळतात. शंकेपायी औषधच बंद ठेवणं हा मार्ग नाही. आणि अंगदुखी-डोकेदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत. बायपासवाल्यांना तर त्यानं आत जखम होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ऑपरेशनचं आधी सांगा.

तरुण मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. लठ्ठपणामुळे पाळी अनियमित असलेल्या, मूल होत नसलेल्या काही जणींचं हे ऑपरेशन होतं. वजन उतरायला लागलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता एकदम वाढते. सासरी सगळ्यांना आनंद होतो, घाई सुरू होते. पण डॉक्टर साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. त्या काळात आईच्याच अंगाला पुरेसं पोषण मिळत नसतं, बाळाला कुठून मिळणार? बायपास झालेलं असेल तर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच याचा भरवसा नाही, दुसरा उपाय विचारून घ्यावा. ही चर्चा नवरा-बायकोनं ऑपरेशनच्या आधी करावी, आणि सासूबाईंना 'कधी' हा प्रश्न विचारू नका असं नवऱ्यानं सांगावं. बायकोला ते सांगायला लावू नये.

आता रमजान. मागच्या रमजानला भाबींच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. डॉक्टरांनी रोजे नको म्हणून सांगितलं. वजनाच्या ऑपरेशननंतर निदान पहिलं वर्ष, काही जण दीड वर्ष म्हणतात, रोजा टाळावा असाच सल्ला सहसा दिला जातो. कारण समजून घ्यायला हिशेब करून बघा. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये रोजा साधारण तेरा तासांचा. उरले अकरा तास. त्यातले पाच-सहा झोपेचे, दीडेक तास इशा आणि तरावीहचा. राहिलेल्या चार तासांत घोट-घोट करून दीड-दोन लिटर पाणी आणि मटाराएवढ्या घासांनी साठ ग्रॅम प्रथिनं, तीही जेवण आणि पाणी वेगळं ठेवून. बसत नाही. पाणी कमी पडलं की चक्कर, मूत्रपिंडावर ताण, आणि वजन झपाट्यानं उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याची भीती असते ती वेगळीच.

दुखणाईताला आणि मुसाफिराला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये दिलेली आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना भाईजान डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन भेटले. त्यांनी ती वाचली आणि सांगितलं, आता रोजे ठेवू नका, तब्येत परवानगी देईल तेव्हा कजा करा, आणि पुढेही ती कधीच देणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर फिदयाचं येऊन विचारा. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, तुम्हीही तुमचे डॉक्टर आणि तुमचे आलिम दोघांनाही विचारा. एकाला विचारून दुसऱ्याला टाळू नका.

मसला सुटला तरी भाबींचं मन मानत नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांनी सवलतीचे दिवस सोडले तर रोजा सोडला नव्हता. पहिल्या दिवशी सगळे सहेरीला उठले, त्याही उठल्या. सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बसल्या नाहीत. दिवसभर त्यांनी पाणीही पाठ फिरवून प्यायलं. मुलांसमोर खायला नको म्हणून दुपारचं खाणं राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन त्या जिन्यावर बसल्या. त्या संध्याकाळी अब्बांनी, जे एरवी बायकांच्या गोष्टींत बोलत नाहीत, इफ्तारनंतर सगळ्या मुलांना बसवून सांगितलं की तुमच्या मोठ्या अम्मीला अल्लाहनं यंदा रजा दिली आहे, आणि दुपारी दोन वाजता तिला दही-अंडं नेऊन देण्याची जबाबदारी आता धाकट्याची. धाकटा नऊ वर्षांचा. महिनाभर त्यानं दोनच्या ठोक्याला बशी नेली, आणि ती रिकामी होईपर्यंत तिथेच उभा राहायचा.

इफ्तारला भाबी आमच्यासोबत बसायच्या. अर्धी खजूर, मग बऱ्याच वेळानं थोडं सूप. भजी, समोसे, सरबताचे जग त्यांच्यासमोरूनच फिरायचे. आम्ही तळणाचे पदार्थ सगळ्यांसाठीच निम्मे केले. पहिल्या आठवड्यात पोरांनी तोंडं वाकडी केली, नंतर सवय झाली. अब्बांची शुगरही त्या महिन्यात जागेवर राहिली.

एक सावधगिरी पुढच्या काळासाठी. दीड-दोन वर्षांनंतर वजन थोडं परत चढू लागतं. बहुतेकदा जेवणामुळे नाही, अधूनमधूनच्या खाण्यामुळे. चहात बुडवलेलं बिस्किट, शेव, आइस्क्रीम, गोड सरबत हे त्या छोट्या पोटातून विनाअडथळा उतरतं, कितीही खाल्लं तरी अडकत नाही. भाबींच्या खोलीत आता बिस्किटांचा डबा ठेवत नाहीत. तो भाईजाननी आपल्या दुकानात हलवला, आणि त्यांचं दोन किलो वाढलं.

एका गोष्टीचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. सहा वर्षं भाबी खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या, गुडघे वाकत नव्हते. संशोधकांनी मोजून पाहिलं आहे की वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, पुढेही खुर्ची होतीच. नवव्या महिन्यात एका असरला त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि चटईवर सजदा केला. उठायला भिंतीचा आधार लागला. ती खुर्ची आता अम्मी वापरतात.

येणाऱ्या रमजानपर्यंत ऑपरेशनला सतरा महिने होतील. शाबानमध्ये भाबींची रक्ततपासणी आहे, लोह, बी-१२ आणि मूत्रपिंडाची. ती ठीक आली तर डॉक्टर आधी दोन-तीन सुटे रोजे ठेवून बघू म्हणाले आहेत, एक दिवसाआड, आणि लघवी गडद झाली किंवा चक्कर आली तर लगेच सोडायचा या अटीवर. भाबींनी कजा रोज्यांची यादी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे. धाकट्यानं विचारलं की मग दोन वाजताची बशी बंद का. त्याला सांगितलं, अहवाल येऊ दे.